काकडीची गोड तवसळी करणार म्हणालास म्हणून

म्हापसा,
श्रावण

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ओव्हन घेतलास हे ताईकडून कळलं आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. बाबांनी तुझा फोटो मोबाइलवर मोठा करून आधी आजोबांना दाखवला, मग पाववाल्या पोदेराची सायकल थांबवून त्याला, मग कुंपणावरून शेजारच्या मावशींना. मावशींनी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाल्या, वरची कॉइल वेगळी तापते ना, मग थरांची गोड बेबिंका होईल. तिला उष्णता वरूनच लागते. एक थर भाजून झाला की तूप लावायचं आणि दुसरा ओतायचा, घाई केली की सगळे थर एक होतात. आजोबा तेवढ्यावरच बेबिंका खाल्ल्यासारखे खूश झाले. आजीने मात्र बजावलं, "माझ्या नातवाच्या ओव्हनात पहिली तवसळीच शिजली पाहिजे."

तू माप ग्रॅममध्ये मागितलंस. आजीचं माप करवंटीचं आणि मुठीचं. मग ताईने वजनकाटा आणला आणि आजी भांड्यात काहीही टाकायला गेली की ही मध्ये काटा सरकवायची. आजी रवा घ्यायची, हिचं "थांब थांब!" आजी गूळ उचलायची, पुन्हा "थांब!" शेवटी आजी म्हणाली, "मी तवसळी करते आहे की सोनाराच्या दुकानात बसले आहे?" पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आजीची रव्याची मूठ ताईने पुन्हा पुन्हा मोजली आणि दर वेळी काटा जवळजवळ त्याच आकड्यावर येऊन थांबला. बाबा तर काट्यावरच संशय घ्यायला लागले. मला आजीचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तर माप लिहून घे. तांदळाचा रवा २५० ग्रॅम (तिकडे इडली रवा म्हणून मिळतो तो चालेल), तवशाचा (मोठ्या काकडीचा) कीस त्याच्या पाण्यासकट ६०० ग्रॅम, गूळ २००, ओलं खोबरं १००, चिमूटभर मीठ, वेलची, मूठभर काजू. रवा चमचाभर तुपावर खमंग भाज. कीस आणि गूळ एकत्र गरम करून गूळ विरघळला की खोबरं, मीठ आणि रवा घाल, झाकण ठेवून एक वाफ आण. वेलची आणि काजू शेवटी. वरून पाणी घालायचं नाही, रवा तवशाच्या पाण्यातच शिजतो. म्हणूनच नुसत्या ग्रॅमवर भागत नाही रे. इथलं श्रावणातलं जून, पिवळं तवसं आणि तुझ्याकडची बारीक हिरवी काकडी यांचं पाणी सारखं नसतं. मिश्रण शिऱ्याइतकं मऊ पाहिजे. कोरडं वाटलं तर थोडा कीस आणखी घाल. काकडी देठाकडून चाखून बघ, कडूपणा तिथे जास्त असतो. आपल्याकडे हे काम आजोबांचं. शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्यातलं एक अस्सल कडू निघालं तेव्हा आजोबांचा चेहरा बघून ताई हसत हसत पाटावरून खाली आली. आजोबांनी हूं की चूं न करता उरलेला तुकडा तिच्याच तोंडात घातला.

डब्याला तूप लाव, केळीचं पान मिळालं तर तळाला घाल, १८० अंशांवर साधारण पाऊण तास ठेव. कड सुटली आणि वरून बदामी रंग आला की झाली. ती केकसारखी फुगणार नाही, घाबरू नकोस. तिच्यात सोडा नाही, अंडं नाही, ती घट्टच असते आणि तशीच चांगली लागते. गरम असताना कापू नकोस, वड्या मोडतात.

आता मागच्या रविवारचं ऐक. तुला बिनचूक वेळ कळवावी म्हणून आम्ही आपल्या ओव्हनात लावली. बाबा समोर स्टूल टाकून बसले, आत दिवा आहे तरी दार उघडून बघायचे. आजी प्रत्येक वेळी "वाफ गेली!" म्हणून ओरडायची. शेवटी ताईने ओव्हनच्या मुठीला आजोबांची मफलर बांधली. आणि तेवढ्यात बाहेर विजा कडाडल्या आणि लाईट गेली. रवा अर्धा कच्चा, ओव्हन गप्प, सगळे एकमेकांकडे बघतायत. एकटी आजी उठली. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान तू बघायला हवं होतंस! "काढा ते तांब्याचं भांडं," म्हणाली. गेल्या गणपतीच्या चवथीच्या आधी कल्हई करून घेतलेलं भांडं माळ्यावर होतं. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली, नारळाची सोडणं पेटवली, करवंट्यांचे निखारे केले. मिश्रण भांड्यात, भांडं मंद आचेवर, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. खाली थोडे, वर जास्त, हे आजी दर मिनिटाला सांगत होती. पागोळ्या आत येत होत्या म्हणून बाबा छत्री धरून उभे. छत्री भांड्यावर, बाबा पावसात. आजोबा पंख्याने वारा घालत होते तो नेमका बाबांच्या तोंडावर राख उडवत होता. धूर बघून मावशी कुंपणापलीकडून धावत आल्या, "काय पेटलं काय?" आणि चुलीपाशी बसून त्यांनीही झाकण फिरवायला हात लावला. त्यांच्या सासूची बेबिंका अशीच निखाऱ्यांवर व्हायची.

बाबू, ती तवसळी इतकी सुंदर झाली! वरची साल खरपूस, आतून ओलसर, केळीच्या पानाचा वास. आजीने पहिली वडी मावशींना दिली. तुला आठवत असेल, नाताळात त्यांच्याकडून बेबिंका आणि खोबऱ्याची बोलिन्हं बिस्किटं आपल्याकडे येतात, पण आजी अंडं खात नाही म्हणून तिच्यासाठी मावशी वेगळा दोदोल करतात. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, आणि घट्ट होऊन तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं. हात भरून येतात त्यात. आजीच्या एकटीच्या वाटीसाठी त्या हे दर वर्षी करतात. आणि चवथीला आपल्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) पहिला डबा आजी त्यांच्याकडे पाठवते. पातोळ्या तर दोन्ही घरांत. आपल्या नागपंचमीला, त्यांच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला १५ ऑगस्टला, हळदीची पानं आपल्या परसातली.

म्हणून माझं एक मागणं आहे. तू तवसळी कर, पण सगळी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवून एकटा खाऊ नकोस. खोलीतल्या मुलांना दे. खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांनी तुझ्या तापात तुला पेज करून दिली होती, त्यांच्याकडे आधी घेऊन जा. त्यांना काय चालतं, काय नाही, ते विचारून घे. गूळ कमी लागत असेल तर त्यांच्यापुरती वेगळी लाव, त्यात काही मोठं काम नाही. तुला तिकडे घरातली माणसं मिळावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती अशीच मिळतात.

चवथीचं तिकीट काढलंस का ते कळव. नेवऱ्या वळायला हात कमी आहेत. ताई नोकरीवरून उशिरा येते, आणि बाबांच्या नेवरीची कड तेलात पडताच उघडते, त्यामुळे त्यांना यंदा सारण करायला बसवलं आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबा सांगतात, ओव्हन साध्या लहान प्लगला लावू नकोस, १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लाव. आणि पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं रिकामा तापव, नव्याचा वास निघून जातो. खिडकी उघडी ठेव.