सरकारला हॉटेल कशाला?

नवी दिल्ली

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा तावातावाने म्हणाले, "अशोक हॉटेल खासगीवाल्यांना द्यायचं म्हणताहेत, देऊ देत. पण मुळात सरकारला एवढं हॉटेल बांधायची गरजच काय होती?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहायला बसले.

बाबा, १९५६ च्या नोव्हेंबरात युनेस्कोची परिषद दिल्लीत भरायची होती. देशोदेशीचे पाहुणे उतरवायचे कुठे? जनपथावरचं इंपीरियल, सिव्हिल लाइन्समधलं मेडन्स, अशी इंग्रजांच्या काळातली मोजकीच हॉटेलं. मग नेहरूंनी बैठकांना विज्ञान भवन आणि मुक्कामाला अशोक, दोन्ही घाईघाईने उभी करून घेतली. चाणक्यपुरीत २५ एकर जागा, नकाशा मुंबईच्या बी. ई. डॉक्टर यांचा. काही माजी संस्थानिकांनीही भांडवल घातलं. ५५० खोल्या, आणि सभागृह असं की मधे एक खांब नाही. बाहेरून लाल-गुलाबी दगड, जाळ्या, छत्र्या. मला तर ते हॉटेल कमी आणि किल्ला जास्त वाटतं.

गंमत म्हणजे हेच नेहरू त्याआधी वीस वर्षं, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू-चटयांनी अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं, आणि अध्यक्षांची मिरवणूक निघाली बैलांच्या रथातून. आजोबा किती रंगवून सांगायचे ते! तेव्हा पाहुणे आपलेच होते, बांबूत भागलं. १९५६ मध्ये जग यायचं होतं. त्या वेळी खासगीवाला एवढा पैसा घालायला पुढे आला असता, असं मला वाटत नाही.

पुढचं मात्र बाबांचं बरोबर. हॉटेल केंद्र सरकारच्याच पर्यटन विकास महामंडळाकडे गेलं आणि राहिलं ते राहिलंच. पाहुणे उतरवून झाले की सरकारने बाजूला व्हायला हवं होतं. खासगीवाल्यांना भाडेकराराने द्यायचा विचार आत्ता करताहेत, तो फार उशिराचा.

केळीची कटाई आटोपली की दोघं या. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस सरळ दिल्लीला येते. आईच्या गुडघ्यांसाठी खालचा बर्थ हवा, तर तारीख लवकर कळवा. अशोक दाखवीन, चहा मात्र घरीच. भरताची वांगी आणू नका, गाडीत पिचतात. कळण्याचं पीठ आणा.

तुमची,
सुलू