इंटरनेट पत्त्यांची टंचाई : रेशन योग्यच, पण वापर नीट हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात फायबर आहे, स्पीड टेस्टवर पूर्ण वेग दिसतो, तरी सावद्याच्या केळी पिकवण चेंबरवरचा कॅमेरा बाहेरगावाहून मोबाइलवर उघडत नाही. रावेर-यावल पट्ट्यात ही तक्रार नेहमीची आहे. दोष फायबरला नाहीतर डीव्हीआरला (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते : ग्राहकाकडे स्वतःचा पब्लिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा क्रमांकच नसतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही किंवा १० आणि लगेच टिंब (१०.) अशाने सुरू होत असेल, तर जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती राउटरने आतल्या यंत्राकडे वळवणे) कितीदाही करा, बाहेरून आलेली विनंती ऑपरेटरच्या यंत्रापाशीच अडते.

जुन्या, आजही चालणाऱ्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि उरलेले पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना एकेक देण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिककडे १०३ ने सुरू होणारा गट आला, १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा. १५ एप्रिल २०११ पासून एपनिकने रेशन लावले : सदस्यामागे या गटातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, आणि २०१९ पासून नव्या सदस्याला ५१२. कंपनी कितीही मोठी असली तरी मर्यादा तीच. उत्तर अमेरिकेत मागणी आणि गरज पाहून वाटप चालू राहिले. तिथला खुला साठा सप्टेंबर २०१५ मध्ये संपला आणि नंतर येणाऱ्याला प्रतीक्षायादी किंवा खरेदी एवढेच मार्ग राहिले. पांझरेकाठच्या फड सिंचन पद्धतीत पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्र आधी ठरते, म्हणून शेवटच्या शेतालाही बारी येते. एपनिकचा नियम त्याच जातीचा आहे, आणि चोपडा-शिरपूरच्या छोट्या ऑपरेटरला तो सर्वाधिक उपयोगी आहे. या गटातले पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षे दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाहीत, ही अटही हवीच. नाहीतर केवळ विकण्यासाठी सदस्य होणाऱ्यांची रांग लागली असती.

आमचे म्हणणे एवढेच की हा वाटा आपल्या ऑपरेटरांनी घ्यावा आणि नीट वापरावा. आज अनेक जण वरच्या पुरवठादाराकडून मोजके पत्ते घेऊन सगळे गाव त्यांवर चढवतात. हिशेब साधा आहे. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट (एकेका जोडणीला लागणारे क्रमांक). पहिले १,०२४ सोडले तर ६४,५१२ उरतात. ६४ घरे बसवली तर प्रत्येकाला १,००८ पोर्ट येतात, ते पुरतात. ५०० घरे बसवली तर वाट्याला १२९ येतात. दोन मोबाइल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप चालू असला की संध्याकाळी ते संपतात. लक्षण ओळखू येते : व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, पण वेबपान अर्धवट उघडते आणि यूपीआयचे चक्र फिरत राहते. ग्राहक वेग वाढवून मागतो, ऑपरेटर वाढवूनही देतो, फरक पडत नाही. ६४ च्या हिशेबाने २,००० घरांना ३२ पत्ते पुरतात. म्हणजे ५१२ मधून शीतगृहे, जिनिंग, पतसंस्था, दवाखाने यांना स्टॅटिक (न बदलणारा) आयपी देऊनही भरपूर शिल्लक राहते.

भारतात हे पत्ते निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज संस्थेच्या अखत्यारीतील 'इरिन' या नोंदणी संस्थेमार्फत मिळतात. सोबत एएस क्रमांक (आपल्या जाळ्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) घ्यावा, म्हणजे वरचा पुरवठादार बदलला तरी पत्ते आपलेच राहतात. इथे एक चूक वारंवार होते. ५१२ चा गट म्हणजे /२३ आणि त्याचा अर्धा, २५६ चा, म्हणजे /२४; रेघेपुढचा आकडा वाढला की गट लहान होतो. आरओए (कोणत्या पत्त्यांचा रस्ता कोणते जाळे इंटरनेटवर जाहीर करू शकते याची नोंद) फक्त /२३ चा करायचा आणि दोन पुरवठादारांकडून एकेक /२४ जाहीर करायचा, असे केले की त्या दोन्ही घोषणा अवैध ठरतात आणि मोठी जाळी त्या टाकून देतात. काही संकेतस्थळे उघडतात, काही नाहीत, आणि कारण सापडता सापडत नाही. जे जाहीर करणार त्या प्रत्येक /२४ ची स्वतंत्र नोंद करावी.

कायमचा उपाय मात्र आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी आणि कितीतरी मोठी पद्धत, हाच. ऑपरेटरला /३२ मिळतो. प्रत्येक घराला /५६ दिला तरी १ कोटी ६७ लाख घरे बसतात, एपनिकच्या त्या अख्ख्या शेवटच्या गटात जितके पत्ते होते तितकी. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स आयपीव्ही६ वरून चालतात, त्यामुळे सीजीनॅटवरचा भारही लगेच उतरतो. बिघडते ते इथे : ओएनटीमध्ये (घरातल्या फायबरच्या डब्यात) आयपीव्ही६ बंदच असते, घराला एकच /६४, म्हणजे एकाच आतल्या जाळ्यापुरता गट, दिल्याने आतल्या दुसऱ्या राउटरला काहीच मिळत नाही, आणि सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीव्ही६ (यंत्रांचे एकमेकांना जाणारे अडचणींचे निरोप) सरसकट अडवले जाते. पीपीपीओईवर (नाव-पासवर्डने जुळणाऱ्या जोडणीवर) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १,४९२ बाइट असतो. मोठे पॅकेट अडल्याचा निरोप परत पोहोचला नाही की पान उघडता उघडता थांबते. डीव्हीआरसाठी बाहेरून वाट उघडण्यापूर्वी त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, आणि राउटरची फायरवॉल फक्त त्या एका पोर्टपुरती उघडावी.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींबाबतही एक विनंती. सीजीनॅटमागचा माणूस नुसत्या आयपी पत्त्याने सापडत नाही. सोर्स पोर्ट (त्या क्षणी त्याने वापरलेला पोर्ट क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. पोर्ट नसेल तर ऑपरेटरपुढे एकदम ६४ घरांची नावे येतात.

दूरसंचार विभागाच्या सुधारित मुदतीनुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेली घरगुती तारेवरची प्रत्येक नवी जोडणी आयपीव्ही६ साठी सक्षम असायला हवी. त्यानंतर जोडणी घेतलेल्या ग्राहकांनी वॅन पानावर २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता दिसतो का ते बघावे, आणि नसेल तर ऑपरेटरकडे लेखी मागणी करावी.

आपले,
इंटरनेट जाळ्यांवर काम करणारे काही तंत्रज्ञ, जळगाव