दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, ओसाकाच्या त्या बिलाबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठला असतात आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कारण आपल्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट भलतीच होऊन फिरतेय. परवा लिफ्टमध्ये एकींनी विचारलं, "तुमच्या लेकीला जपानमध्ये पोलिसांनी धरलं होतं ना?" आता पोलीस कुठून आले? ए-विंगमध्ये तर म्हणे हॉटेलवाल्याने पोरींना कोंडूनच ठेवलं होतं. तेव्हा खरं काय झालं ते एकदा नीट सांगून टाकते.

लेक नुकतीच ओसाकाला शिकायला गेली होती. वर्गातल्या दोघी, एक इंदूरची आणि एक नागपूरची, आणि ही, अशा तिघी होस्टेलजवळच्या एका छोट्या इझाकायात, म्हणजे तिकडच्या खाण्यापिण्याच्या हॉटेलात, गेल्या. बाहेरच्या फोटोत वांगं दिसलं, म्हणून शिरल्या. आत काउंटरला लागून जेमतेम आठ-नऊ खुर्च्या. बसल्या बसल्या मालकांनी हात पुसायला गरम रुमाल दिले आणि प्रत्येकीपुढे एकेक वाटी ठेवली. कुणी मागितली नव्हती. पालकाची थंडगार भाजी, आणि तिच्यावर सुताराच्या रंध्याखाली निघतात तसे पातळ, गुलबट काप भुरभुरलेले. विचारल्यावर कळलं की तो मासा. कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात आणि खरोखरच रंधा बसवलेल्या पेटीवर किसतात, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. आमच्या घरात माळ आहे. बाकीच्या दोघीही शाकाहारी. तिघींनी वाट्या पुढे सरकवून ठेवल्या.

मग पाणी, एक तळलेल्या वांग्याची बशी आणि थोडे भाताचे गोळे, एवढ्यावर गप्पा रंगल्या. दीड तास! वांग्याबरोबरच्या सॉसलाही माशाचा वास येतोय असं वाटून ते अर्धं उरलं. वाया नको म्हणून इंदूरच्या मुलीने पार्सल मागितलं, तर मालकांनी दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. पोरींना वाटलं, हा आपल्याला बाहेर काढतोय. त्यातच बिल आलं. न मागितलेल्या, न शिवलेल्या वाट्यांचे प्रत्येकी ४०० येन, म्हणजे तिघींचे १,२०० येन वेगळे लावलेले. इंदूरची म्हणाली, एक पैसा देणार नाही. मालक काही सांगू पाहत होते, फोनमधलं भाषांतर दोन्हीकडे काहीच्या बाही ऐकवत होतं, आणि मागे दारात गिऱ्हाईकं उभी.

तिकडे रात्रीचे नऊ, आपल्याकडे साडेपाच. लेकीचा फोन आला तेव्हा तुम्ही जांभळी नाक्याला भाजी आणायला निघाला होतात. पायात चपला, हातात कापडी पिशवी. मी तुम्हाला जिन्यातच गाठलं.

आमचे हे मागोमाग आलेच, तेही तयारीनिशी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलंय की हॉटेलला सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलंय, वगैरे. ओसाकाच्या त्या बिचाऱ्या माणसाला दिल्लीचं कोर्ट काय करणार होतं! तुम्ही नुसता हात वर केलात आणि हे गप्प झाले. आमच्या घरात हे सहसा घडत नाही, त्याचेही आभार.

तुम्ही लेकीला दोनच गोष्टी विचारल्यात. काय काय मागवलंत? किती वेळ बसलात? मग फोन मालकांकडे द्यायला सांगितलात आणि जपानीत बोलायला लागलात. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण दिसत होतं की बोलताना तुम्ही कमरेत वाकताय. जिन्यात, पिशवी सांभाळत, न दिसणाऱ्या माणसापुढे! आणि मुख्य म्हणजे तुम्ही बोललात थोडंच. बराच वेळ नुसतं "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", करत ऐकत होतात. मला राहवेना. मला वाटत होतं, आधी आपली बाजू ठणकावून सांगा, पोरी परक्या मुलखात आहेत. आता कळतं की तुम्ही आधी त्यांना बोलू दिलंत म्हणूनच ते शांत झाले. त्यांच्या मनात काय होतं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या मनात निराळंच होतं. इझाकाया ही मुळात पिण्याची जागा. प्रत्येकाने निदान एक पेय तरी घ्यावं अशी रीत. ती पहिली वाटी म्हणजे एका अर्थी बसण्याचं भाडं, आणि पहिली बशी येईपर्यंत तोंडात टाकायला काहीतरी. टोकियोकडे तिला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. साधारण ३०० ते ५०० येन, आणि तिकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. ते हातही हाकलायला नव्हते. जमणार नाही हे तिकडे असंच दाखवतात. उरलेलं घरी नेऊन कुणाचं पोट बिघडलं तर, या धास्तीने पुष्कळ ठिकाणी पार्सल देतच नाहीत. आणि त्या माणसाला दीड तास एकच घोर लागला होता, की माझ्या हातचं या मुलींना आवडलं का नाही. कारण तिन्ही वाट्या तशाच्या तशा पडल्या होत्या.

आपण ठाण्याची माणसं. हॉटेलात बसलं की पाणी येतं, कांदा-लिंबू येतं, मिसळीला वरून तर्री मिळते. न मागता टेबलावर आलं ते फुकट, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. ते तुम्ही मालकांना समजावून सांगितलंत, आणि मालकांचं पोरींना. कुणालाही माफी मागायला लावली नाहीत, बिलात घासाघीसही केली नाहीत. पोरींनी १,२०० येन भरले. मग मालकांनीच तुम्हाला विचारलं की या मुली खातात तरी काय, आणि तुम्ही सांगत गेलात तसं त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या वेळी तिघींपुढे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा आल्या. पैसे तेवढेच लागले, पण वाट्या रिकाम्या झाल्या.

मला मात्र ते ४०० येन अजून पटलेले नाहीत, हे सांगून ठेवते. तुम्हाला म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "जपानात कोबेला असताना मलाही पटत नव्हते." बरं वाटलं ते ऐकून.

एवढ्यावर थांबला असतात तरी उपकार झाले असते. पण तुम्ही त्याच रात्री लेकीला जपानीत चार ओळी लिहून पाठवल्यात: मांस नको, मासे नको, माशाचा अर्कही नको. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, कारण तिकडच्या मिसो सूपपासून तळणीबरोबरच्या सॉसपर्यंत बहुतेक सगळ्याचा पाया असतो दाशी नावाचा पातळ रस्सा, आणि त्यात सहसा मासा असतोच. आता ती दारातच तो कागद दाखवते. एखादा मालक वाचून नकारार्थी मान हलवतो. मग ती पुढचं दार बघते. जेवण झाल्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं. शिवाय बौद्ध मठांतलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, घरी कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्यांची दाशी करता येते, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर पातेलं समोर धरून शिकवलंत. ओसाका म्हणजे कोंबूची जुनी पेठ, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून जहाजं भरून यायचा, हे तुमच्याकडून ऐकल्यापासून लेक तिथल्या दुकानांतून हिंडतेय. परवा तिने त्या दाशीत आपलं पिठलं केलं. चवीबद्दल विचारलं तर म्हणाली, "आई, काकूंना सांगू नकोस." मी सांगतेय.

त्या दिवशी तुमची भाजी राहिली. दुसऱ्या दिवशी मी मेथीच्या जुड्या घेऊन आले तर तुम्ही पैसे देऊ केलेत. भेटवस्तू तुम्ही घेणार नाही हे तेव्हाच कळलं.

म्हणून दुसरं काहीतरी केलं. मुलांना जपानी शिकवायला तुम्ही सोसायटीच्या ऑफिसची खोली मागितली होतीत आणि कमिटीने तो अर्ज बाजूला ठेवला होता. मी आणि आमचे हे दोघंही यंदाच्या सभेला गेलो. ह्यांनी उपविधीच काढून वाचले. या वेळी मी त्यांना अडवलं नाही. खोली मिळाली आहे, शनिवारी संध्याकाळी पाच ते सात. फळा मी पुसून ठेवलाय, पंखा जरा आवाज करतो. डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, बसायचं म्हणून बी-विंगमधल्या दोन मुलांनी आत्ताच नाव दिलंय. किल्ली वॉचमनकडे आहे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची