नाव न विचारलेल्या माणसांचे आभार

सप्टेंबरात आम्ही दोघं भाड्याच्या गाडीने आइसलँडचा रिंग रोड, म्हणजे अख्ख्या देशाला वळसा घालणारा रस्ता, फिरून आलो. तेराशेहून जास्त किलोमीटर, तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने. वीस वर्षं पुण्यात डावीकडून गाडी चालवलेल्या माझ्यासारख्याने! धड परतलो ते तुमच्यामुळे.

पंपावरच्या ताई, डिझेलच्या गाडीत मी पेट्रोल भरणार एवढ्यात तुम्ही हात धरलात. विक नावाच्या गावाजवळ भेटलेले आजोबा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा, हे तुम्ही खुणांनी शिकवलंत. पुढच्याच थांब्यावर वारा असा सुटला, की दार उखडलंच असतं. एकपदरी पुलापाशी मी गोंधळलो तेव्हा दिवे लुकलुकवून थांबलेल्या चालकदादा, तुम्हालाही नमस्कार.

आणि ट्रॅक्टरवाले काका! 'मालबिक एन्दार' ही पाटी आम्हाला गावाचं नाव वाटली होती. डांबर संपलं, असा तिचा अर्थ. खडीवर ८० ची मर्यादा आहे म्हणून मी ८० नेच निघालो, मेंढ्या आडव्या आल्या, ब्रेक दाबला आणि गाडी घसरत कडेच्या मऊ मातीत रुतली. तुम्ही दोर बांधून ओढून काढलीत. पैसे घेतले नाहीत. फक्त बोटं वर करून '५०' म्हणालात. बायकोने दिलेली बाकरवडी मात्र घेतलीत, तिखट लागली नसेल ना?