ठाणेदाराला प्रश्न कोणी विचारायचे? गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले, ईद आली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात आणि शांतता समितीची बैठक भरते. आमच्याकडेही भरते. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, व्यापारी संघटनेतले दोघं-तिघं आणि एखादे निवृत्त मुख्याध्यापक असतात. डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग, वर्गणीची सक्ती, अफवा पसरवू नका हे सगळं सांगून होतं. चहा येतो, कोणाचा तरी सत्कार होतो. मग मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणते, "साहेब, स्टँडमागच्या गल्लीत तीन खांब आहेत आणि एकावरही दिवा नाही. क्लास सुटल्यावर पोरींना तिथून यायचं असतं आणि टोळकं तिथंच बसलेलं असतं." साहेब म्हणतात, "दिव्यांचं नगरपालिका बघते, त्यांना लेखी द्या." तीच बाई नगरपालिकेत गेली की अभियंता सांगतो, "छेडछाडीचं पोलीस बघतात."

दोघंही नियमानं बरोबरच बोलत असतात. रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकेच्या यादीत आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीच्या पहिल्या दोन नोंदी आहेत. गल्ली मात्र एकच आहे. आणि ज्या टेबलाभोवती या दोन खात्यांना एकत्र बसून तिच्याबद्दल उत्तर द्यावं लागेल, असं टेबल शहरात कुठेच नाही.

शांतता समिती ते टेबल होऊ शकत नाही, कारण तिचे सदस्य कोण असावेत हे ठाणेच ठरवतं. महिला दक्षता समितीचं आणि मोहल्ला कमिटीचंही बहुतेक ठिकाणी तसंच. या मंडळींचा बंदोबस्ताला उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याला प्रश्न विचारायचे त्यानंच प्रश्न विचारणारे निवडले, तर रात्रीची गस्त किती वाजता होते एवढंसुद्धा कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षी यादीतून नाव जाईल, ही भीती असते.

म्हणून एक मागणी. प्रत्येक शहरी पोलीस ठाण्याच्या हद्दीसाठी एक प्रभाग सुरक्षा समिती असावी. त्या हद्दीतले निवडून आलेले नगरसेवक आणि जवळपास तितकेच साधे नागरिक तिच्यावर असावेत. नागरिक अर्ज मागवून आणि चिठ्ठ्या टाकून निवडावेत, ठाण्याच्या किंवा नगरसेवकाच्या शिफारशीनं नाही. दर तीन महिन्यांनी खुली बैठक व्हावी. ठाण्याचे प्रभारी निरीक्षक आणि नगरपालिकेचा जबाबदार अधिकारी या दोघांनाही हजर राहणं बंधनकारक असावं आणि इतिवृत्त ठाण्याच्या फलकावर लागावं. डायल ११२ वर हद्दीतून किती फोन आले आणि गाडी किती वेळात पोचली, किती तक्रारी नुसत्या एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) भागवल्या, किती गुन्हे दाखल झाले, कोणत्या चौकातले कॅमेरे किती दिवस बंद आहेत, एवढं तिला विचारता यावं. एखाद्याचा तपास, अटक, जामीन, कर्मचाऱ्याची बदली यांबद्दल तिला चकार शब्द काढता येऊ नये. तसा शब्द निघाला तर तो इतिवृत्तात नोंदवावा, बोलणाऱ्याच्या नावासकट.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो क्षुल्लक नाही. नगरसेवक पोलिसांच्या कामात ढवळाढवळ करतील, आपल्या कार्यकर्त्याला सोडवतील, विरोधकाला अडकवतील. महोदय, तो फोन आजही जातो. ठाणे अंमलदारापासून वरिष्ठ निरीक्षकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं कोणाचा फोन आला ते. फक्त त्याचं इतिवृत्त निघत नाही. नगरसेवकाला अधिकृतपणे बसायला जागा द्या, तिथं काय विचारता येतं आणि काय नाही याची रेघ आखा, आणि चार लोकांसमोर त्याला बोलू द्या. फोन त्यानं पूर्ण थांबणार नाहीत. पण बैठकीत दिव्याबद्दल गप्प बसलेला नगरसेवक रात्री दहाला ठाण्यात कोणासाठी आला होता, हे लोक आपसूक ताडून बघतील.

दुसरा आक्षेप असा की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण आहेच. आहे. सर्वोच्च न्यायालयानं पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. आपल्या राज्यानं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी धरली. म्हणजे गडचिरोलीच्या माणसासाठी नागपूर. अंतराचं सोडून दिलं, तरी त्या प्राधिकरणाचं काम गैरवर्तनानंतर सुरू होतं. दिवा नसलेल्या गल्लीची तक्रार तिथं बसत नाही, आणि बसूही नये.

ग्रामीण भागाला आपण यापेक्षा बरं काही दिलं होतं. गावात १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटील आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटामुक्ती समिती ठरवायचा हक्क ग्रामसभेला मिळाला. पुढं बक्षिसांच्या चढाओढीत तिचं बरंच पाणी झालं, असं माझं मत आहे. पण समिती ठाण्यानं नाही, गावानं नेमायची, हे त्यात मुळापासून होतं. दारूबंदीचंही तसंच. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि ठरलेल्या प्रमाणात मतं 'आडव्या बाटली'ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली की दुकानाला टाळं लागतं. या मतदानाच्या २००८ च्या आदेशात शहरातला वॉर्डही आहे. दारूचं दुकान बंद करण्याइतकी अक्कल वॉर्डातल्या बायकांना आहे हे सरकारला मान्य आहे. मग गस्त कधी होते हे विचारण्याइतकी का नाही?

आणि हे आपल्याच पोलिसांनी करून दाखवलेलं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्या त्या वस्तीतली साधी माणसं घेतली आणि हवालदारांना त्यांच्यात नेऊन बसवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोष एकच. हे सगळं अधिकाऱ्याच्या वकुबावर चालतं. तो बदलून गेला की पुढच्या साहेबाच्या मर्जीवर.

मर्जीवर सोडलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण उत्तर आयर्लंडमध्ये आहे. तिथं समाजाचा मोठा भाग पोलिसांना आपलं मानत नव्हता. पोलीस सुधारणा सुचवणाऱ्या १९९९ च्या पॅटन आयोगाच्या अहवालानंतर स्थानिक परिषदांना पोलिसांशी जोडण्याची रचना आली, आणि २०१२ पासून पोलीस व समाजसुरक्षा भागीदारी मंडळं काम करू लागली. प्रत्येक मंडळावर आठ ते दहा नगरसेवक असतात आणि त्यांच्यापेक्षा एकानं कमी असे स्वतंत्र नागरिक. हे नागरिक पोलीस नेमत नाहीत, नगरपरिषदही नेमत नाही. वेगळं पोलिसिंग बोर्ड नेमतं. स्थानिक पोलीस आराखड्याप्रमाणे काम झालं का, हे मंडळाची एक समिती तपासते. तिथंही कंटाळवाण्या बैठका होत असतील. कंटाळवाणी बैठक मला चालेल, दंगल नको.

आता खरी गोष्ट. निवडून आलेल्या माणसाला पोलीस ठाण्यावर नजर ठेवू द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे तत्त्वतः सुटलेला आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितले. कॅमेरे चालू आहेत का आणि चित्रीकरणात मानवी हक्कांचा भंग दिसतो का, हे बघायला जिल्हा देखरेख समिती नेमली. तिच्यावर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेचा महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख. कोठडीच्या दारापर्यंत महापौराला न्यायालयानं नेऊन उभं केलं आहे. त्याला गल्लीतल्या गस्तीबद्दल विचारू द्यायला आपण कचरतो.

आणि गंमत बघा. आदेश २०२० चा; मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं महापौरांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या काळात समितीवरची ही जागा कोणी भरली? प्रशासकानं? म्हणजे सरकारच्या अधिकाऱ्यांवर देखरेख करायला सरकारचाच आणखी एक अधिकारी? जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांसाठी मतदान झालं, आता ती सबब उरलेली नाही.

नव्या समित्यांचा निर्णय व्हायला वेळ लागेल, मान्य. तोवर दोन कामं एका परिपत्रकानं होतात. प्रत्येक जिल्ह्यातल्या त्या सीसीटीव्ही देखरेख समितीत कोण आहे, ती कधी कधी बसली आणि तिनं काय नोंदवलं, हे जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायला सांगा. आणि शांतता समितीच्या सदस्यांची यादी ठाण्याच्या दर्शनी भागात लावायला सांगा, कोणी सुचवलं त्या नावासह.

कळावे.

आपला,
नगरपरिषद हद्दीतला एक करदाता

ता. क. परिपत्रकाची प्रत नगरविकास विभागालाही जावी. नाहीतर अभियंता पुन्हा पोलिसांकडे बोट दाखवेल.