डाग कोणता, हे आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या लग्नसराईच्या पुरवणीत चेहऱ्यावरचे डाग लेझरने 'सहा सिटिंगमध्ये गायब' करण्याविषयी अर्धे पान मजकूर आला होता. खाली कोपऱ्यात मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असे छापले होते, पण ते बहुतेकींच्या नजरेतून सुटले असावे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यापासून त्याचे कात्रण घेऊन बायका मला विचारायला येत होत्या, "वहिनी, पेपरात आलंय, म्हणजे खरंच असंल की!"

जयसिंगपुरात आमचे मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेली आहे, आणि लेझरच्या विरोधात तर मुळीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे की त्या अर्ध्या पानात डाग कोणता, हा प्रश्न कुठेच नव्हता. तीळ, लासे (जन्मखूण), वांग, मुरुमांचे काळे व्रण, उन्हाने आलेले ठिपके, सगळे एकाच पॅकेजमध्ये!

काही डागांवर लेझर खरोखर गुणकारी आहे. डोळ्याभोवती, गालावर निळसर-राखाडी लासे असते, ओटा या जपानी डॉक्टरांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यातला रंग इतका खोल असतो की कुठलेही मलम तिथवर पोहोचत नाही. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर पोहोचते. १९८३ साली अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेले तत्त्व त्यामागे आहे: सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता प्रकाशाचा झोत सोडायचा, तो रंगाच्या कणांनीच शोषून घ्यायचा आणि आजूबाजूची कातडी भाजायची नाही. फुटलेल्या कणांचा चुरा शरीर हळूहळू उचलून नेते. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत खोलवर जातो, ५३२ चा वरवर काम करतो. उतारवयातल्या उन्हाच्या ठिपक्यांनाही याचा चांगला गुण येतो. जन्मभर चेहऱ्याची एक बाजू झाकून फोटो काढणाऱ्या मुलीसाठी हे यंत्र वरदानच म्हणावे लागेल.

वांगाचे तसे नाही, आणि आमच्याकडे कात्रण घेऊन येणाऱ्या दहापैकी बहुतेकींना वांगच असतो. बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्यांनी, उन्हाने, कधी घराण्यातूनच दोन्ही गालांवर आणि कपाळावर तो उतरतो. यात रंग तयार करणाऱ्या पेशीच चेतलेल्या असतात. साठलेला रंग फोडून काढला तरी त्या नवा बनवतच राहतात. गोदाम रिकामे केले म्हणून साखर कारखाना थोडाच बंद पडतो? उलट लेझरच्या उष्णतेने त्या पेशी आणखी चिडू शकतात आणि डाग पहिल्यापेक्षा गडद होऊन परततो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला हा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. म्हणून वांगावर लेझर हा पहिला उपाय धरत नाहीत. आधी उन्हापासून बचाव, मग डॉक्टरांनी दिलेली मलमे, आणि एवढे करून हटला नाही तर अनुभवी हाताखाली जपून लेझर. तेव्हाही 'कायमचा गेला' असे प्रामाणिक डॉक्टर म्हणत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मुलीच्या लग्नाआधी असेच 'लेझर टोनिंग'चे पॅकेज घेतले. पहिल्या काही सिटिंगनंतर चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केले. पुढे वांग तर परतलाच, शिवाय त्याच्या मधोमध बारीक पांढरे ठिपके उमटले. कमी ताकदीचे लेझर पुन:पुन्हा मारल्याने असे होऊ शकते आणि ते ठिपके सहजी भरून येत नाहीत. काउंटरवर त्यांनी फाइल उघडून दाखवली. गुळगुळीत कागदाची, वर सोनेरी नाव, आत पैशांच्या पावत्या आणि 'सिटिंग ४ झाले' अशा नोंदी. निदान काय, यंत्र कोणते, ताकद किती, यातले काहीही लिहिलेले नव्हते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नाही. साध्या खोकल्याच्या चिठ्ठीवर याहून जास्त मजकूर असतो.

काळी मान घेऊन लेझरची चौकशी करणारी तरुण पोरे हा आणखी एक प्रकार. मानेची कातडी काळी आणि जाडसर होणे ही अनेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासावी, वजन पाहावे.

आता आमच्या धंद्याविषयी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून ती आजही सर्रास मागितली जाते आणि कुठे कुठे दिलीही जाते. ती वर्षानुवर्षे लावून कातडी पातळ आणि लाल झालेली असते, आणि त्याच कातडीवर मग लेझर. पार्लरमधल्या बिनलेबलच्या डब्यांची तर गोष्टच सोडा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली होती. त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत आढळले.

आपल्याकडून अपेक्षा मोठी नाही. अशा मजकुराच्या डोक्यावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या आकारात छापा. लेझर करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक नसेल तर जाहिरात घेऊ नका. आणि पुरवणीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून सनस्क्रीनवर लिहून घ्या. चेहरा आणि मानेला दोन बोटे भरून लागते, बाहेर असताना दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते, आणि साध्या उजेडानेही वांग गडद होतो म्हणून त्यावर लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. पण दुकानदारीण बोलली की तिला माल खपवायचा आहे असेच वाटते. शेतात राबणाऱ्या बाईला हा खर्च परवडत नाही, हेही मला दिसते. तिला निदान रुंद काठाची टोपी आणि तोंडावरून पदर तरी सुचवता येईल.

जागेअभावी पत्र कापावे लागल्यास वांगाविषयीचा भाग तेवढा राहू द्यावा.

आपली,
एक औषधविक्रेती, जयसिंगपूर