धाकटीला आकाशपाळण्यात बसवण्याआधी

वडगाव, बेळगाव

चि. बाळास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू जे म्हणालास त्याला मी लगेच उत्तर दिले नाही, कारण धाकटी शेजारीच अभ्यास करीत बसली होती आणि तिच्यादेखत तिच्याविषयी बोलणे मला बरे वाटले नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला पुण्याला बोलावून थीम पार्क दाखवायचे तू ठरवले आहेस, याचा मला आनंदच आहे. तीही दिवस मोजते आहे. परंतु तेथील मोठ्या आकाशपाळण्यात ती नको म्हणाली तरी तिला हात धरून बसवायचे आणि तिची भीती एकदाची मोडून काढायची, हा जो बेत तू आणि तुझ्या मित्रांनी केला आहे, तो मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तू विचारलेस की जी मुलगी रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसून ओरडत, हसत खाली उतरते, तिला मुंगीच्या गतीने फिरणाऱ्या पाळण्याचे भय कसे वाटू शकते. हा प्रश्न खरोखर चांगला आहे. पण त्यातून तू जो निष्कर्ष काढलास, की हा नुसता हट्ट आहे, तो चुकीचा आहे. अनेकांच्या बाबतीत तो पाळणा सावकाश फिरतो म्हणूनच भीतिदायक होतो.

आधी जत्रेतला पाळणा बाजूला काढू या, कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्या मंगाई देवीच्या यात्रेत येतो तसा पाळणा लहान असतो आणि वेगाने फिरतो. समज, त्याची त्रिज्या ८ मीटर आहे आणि एक फेरी १० सेकंदांत पूर्ण होते. वर्तुळाकार गतीचे सूत्र तू अजून विसरला नसशील. हिशेब केलास तर मध्याकडील त्वरण गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ एक तृतीयांश येईल. म्हणजे माथ्यावर माणसाला आपले वजन एक तृतीयांशाने घटल्यासारखे वाटते आणि तळाशी तेवढेच वाढल्यासारखे. खाली येताना पोटात जो गोळा येतो तो यामुळे. याउलट लंडनचा मोठा पाळणा १३५ मीटर उंच असून एका फेरीला सुमारे अर्धा तास घेतो. त्याची कडा सेकंदाला जेमतेम २६ सेंटिमीटर सरकते. तेथे वजनातला फरक कोणालाही जाणवणार नाही. तरीही त्या काचेच्या खोलीत बसून घाम फुटणारी माणसे असतात. म्हणजे भीतीचे मूळ वेगात नाही, ते दुसरीकडे शोधले पाहिजे.

आपला तोल तीन गोष्टींच्या आधारे सांभाळला जातो: डोळे, आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारची सूक्ष्म खड्यांची इंद्रिये, आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतून येणारी जाणीव. माणूस स्थिर उभा असला तरी प्रत्यक्षात तो किंचित झुलत असतो, आणि आसपासच्या भिंती किंवा झाडे डोळ्यांपुढे किती सरकली यावरून मेंदू ते झुलणे ओळखून लगोलग सावरतो. थोमास ब्रांट या जर्मन मेंदूविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डोळ्यांपुढची सर्वांत जवळची स्थिर वस्तू काही मीटर दूर गेली, की हे सरकणे इतके बारीक होते की डोळ्याला ते कळेनासे होते. मग डोळा सांगतो की हालचाल नाही, आणि कान व पाय सांगतात की हालचाल आहे. उंचीवर गेल्यावर जो अस्थिरपणा वाटतो त्याचा उगम या विसंगतीत आहे. भ्याडपणाशी त्याचा काही संबंध नाही.

आता धाकटीचे वागणे आठव. राजहंसगडाच्या तटावर ती दगडाला हात टेकवून निवांत उभी राहते, खाली शेताकडे बोट दाखवते. गोकाकच्या झुलत्या पुलावर मात्र ती चार पावले टाकून मागे फिरली होती. तट डोळ्यांजवळ असतो, हाताला लागतो आणि हलत नाही. पूल पायांखाली हलतो आणि आजूबाजूला धरण्याजोगे स्थिर काही नसते. आकाशपाळण्याची पेटी तर आसाला टांगलेली असते. तिच्यातली जवळची प्रत्येक वस्तू, दांडी, बाक, समोरचा माणूस, आपल्याबरोबरच हलते, आणि जे स्थिर आहे ते सगळे खूप खाली. वारा आला किंवा समोरच्याने बैठक बदलली की पेटी डोलते. बसलेल्या स्थितीत उभ्यापेक्षा त्रास कमी होतो हे खरे, पण पाय अधांतरी असले तर तो फायदाही अर्धाच उरतो.

रोलर कोस्टरमध्ये यांतले काही घडत नाही. तेथे खांद्यांवरून लोखंडी अडसर खाली येतो, शरीर आसनात घट्ट बसते, आणि पुढचे वळण इतक्या झपाट्याने येते की मनाला विचार करायला सवडच मिळत नाही; दोनतीन मिनिटांत सारे आटोपते. पाळण्यात सवड भरपूर. वर जाताना माणूस खालच्या खांबाकडे पाहतो, जोडाच्या खिळ्यांकडे पाहतो, करकर ऐकतो, आणि एक दांडी मांडीपुढे आडवी आहे एवढ्यावर आपला जीव अवलंबून आहे हे त्याला नीट दिसत राहते. मला वाटते, धाकटीसारख्या विचारी मुलीला हाच भाग सर्वांत जड जात असावा.

त्यात पाळणा थांबतो. खालच्या पेटीतून माणसे उतरतात, नवी चढतात, आणि कोणीतरी माथ्यावर लटकत राहते. हे थांबे पाळण्याच्या जन्मापासूनचे आहेत. जॉर्ज फेरिस या अमेरिकन अभियंत्याने १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी २६४ फूट उंचीचे चक्र उभारले, म्हणजे आपल्या १७१ फुटांच्या गोकाक धबधब्याच्या दीडपट उंच. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. पहिल्या फेरीत ते सहा वेळा थांबे आणि दुसरी फेरी न थांबता सुमारे नऊ मिनिटांत होई. किती वेळ थांबणार, पुन्हा कधी हलणार, हे बसलेल्याला ठाऊक नसते, आणि मध्येच उतरता येत नाही. बस, आगगाडी, अगदी घाटातली जीपसुद्धा थांबवता येते. पाळणा मात्र ज्याच्या हातात खटका आहे त्याच्या मर्जीने चालतो. ज्यांना बंद लिफ्टचा त्रास होतो, त्यांच्यापैकी अनेकांना पाळण्यात उंचीपेक्षा हा अडकलेपणा अधिक छळतो. धाकटीला लिफ्टचे काही वाटत नाही, पण तुझ्या मित्रांपैकी कोणाला वाटत असेल तर तो तुम्हाला सांगेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लोक सहसा बोलून दाखवत नाहीत. उंचावर गेल्यावर काहींच्या मनात क्षणभर असा विचार चमकून जातो की आपणच उडी तर मारणार नाही ना. या विचारानेच ते गर्भगळीत होतात आणि आपल्याला काही विकार आहे असे समजून गप्प राहतात. फ्लोरिडातील संशोधकांनी २०१२ मध्ये या अनुभवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीव देण्याचा विचार कधीही मनात न आलेल्या पुष्कळ लोकांनाही तो येतो, असे त्यांना आढळले. शरीर धोक्याची सूचना देऊन मागे खेचते आणि त्या सूचनेचा अर्थ मन नंतर चुकीचा लावते, असे त्यांचे म्हणणे आहे. धाकटीला असे कधी वाटले का, हे मी तिला विचारलेले नाही, आणि तूही चेष्टेत विचारू नकोस.

भीती एकदा सुरू झाली की श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याने डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. बसलेल्या माणसाला वाटते की आता आपण बेशुद्ध पडणार, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो. अशा वेळी 'काय होते त्यात, खाली बघ की' असे म्हणणारा मनुष्य शेजारी असणे ही मदत नव्हे.

'पाळणा सुरक्षित आहे, त्याची तपासणी होते' हा तुझा युक्तिवाद धाकटीलाही पटतो. ती मला तसे म्हणालीदेखील. पण पटल्याने भीती जात नाही. एलिनोर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो मी वर्गात आवडीने सांगते. जाड काचेच्या टेबलावर एका बाजूला काचेला लागूनच चौकटीचे कापड होते आणि दुसऱ्या बाजूला तेच कापड खूप खाली, जमिनीवर होते. रांगती बाळे आईने हाक मारली तरी खोल दिसणाऱ्या बाजूकडे बहुधा आली नाहीत. काहींनी तर काच हाताने थोपटून पाहिली, ती पक्की लागली, तरीही ती पुढे सरकली नाहीत. पुढच्या संशोधनात असे दिसले की न रांगणाऱ्या बाळांना त्या खोलपणाचे भय वाटत नाही; स्वतः हिंडू लागल्यावर ते येते. ज्या भीतीने तुला रांगत्या वयात आपल्या माडीच्या जिन्यावरून पडू दिले नाही, तीच धाकटीत थोडी अधिक जागी आहे. आणि ती एकटी नाही. जर्मनीत साडेतीन हजार लोकांच्या पाहणीत सुमारे २८ टक्के लोकांनी उंचीवर असा त्रास होत असल्याचे सांगितले. तुमच्या दहा जणांच्या टोळीत अशी दोघेतिघे सहज निघतील.

पाळण्याचे भय पाळण्याइतकेच जुने आहे, याचा एक दाखला मला फार आवडतो. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ मध्ये इस्तंबूलला होता. पुढे तो आपल्या कर्नाटकातही इक्केरीपर्यंत आला होता. इस्तंबूलच्या उत्सवात तो अशाच एका मोठ्या चक्रात बसला आणि त्याला फार मौज वाटली, पण त्याच्या जवळ बसलेल्या एका ग्रीक गृहस्थाला ते सोसवेना आणि तो 'पुरे, पुरे' म्हणून ओरडू लागला. एकाच चक्रात, एकाच वेळी, दोन धडधाकट माणसे.

आता तू म्हणशील की मग ती भीती तशीच ठेवायची का. ते तिने ठरवायचे आहे. पाळण्यात न बसता कोणाचे आयुष्य अडत नाही. तिला स्वतःला बसावेसे वाटले तर मार्ग आहे, आणि तो तुझ्या बेताच्या नेमका उलट आहे. जर्मन कवी गटे विद्यार्थी असताना त्याला उंचीचे भय होते. स्ट्रासबुर्गच्या चर्चच्या मनोऱ्यावर तो स्वतः होऊन पुन्हा पुन्हा चढला आणि ते भय ओसरेपर्यंत चढत राहिला. त्याला कोणी उचलून नेले नव्हते, आणि हवे तेव्हा तो खाली उतरू शकत होता. आजचे मानसोपचारही याच तत्त्वावर पायरीपायरीने जातात. जबरदस्तीने वर नेलेला माणूस संपूर्ण वेळ डोळे मिटून, दांडी आवळून बसतो, आणि घरी नेतो ती फक्त 'मला फसवून बसवले' ही आठवण.

म्हणून एवढे कर. आधी तिच्याबरोबर खाली उभा राहून एक पूर्ण फेरी पाहा, तो कोठे आणि किती वेळ थांबतो ते तिला दिसू दे. लहान पाळणा असेल तर आधी तो. बसायचे ठरलेच तर तिच्या शेजारी तू बस, पेटी कोणीही हलवणार नाही असे मित्रांकडून आधीच कबूल करून घे, पाठ टेकवून बसायला सांग, खाली न पाहता दूर क्षितिजाकडे नजर ठेवू दे, आणि श्वास सोडताना घाई करू नये एवढेच हळू आवाजात सांग. रांगेत तिने मन बदलले तर मित्रांना पुढे पाठव आणि तू तिच्याबरोबर बाहेर ये. त्या रांगेतून मागे वळायची वाट कोठे आहे हे मात्र आत शिरण्यापूर्वी पाहून ठेव, कारण गर्दीत ती सापडत नाही.

तिची गाडी सकाळी लवकर पोहोचेल, तेव्हा स्टेशनवर वेळेत जा. तुझ्यासाठी चकल्या आणि कुंदा तिच्याबरोबर पाठवीत आहे.

तुझी आई